पाकिटावर एवढं लिहा

जुन्या जीपगाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखानदार, ते पाकिटात भरणारे ठोक व्यापारी आणि काउंटरमागचे दुकानदार यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्याकडून आलेल्या मालानं माझ्या शेडमधली एक अख्खी फळी अडवली आहे. तिच्यावर व्हील सिलिंडरमध्ये न जाणारी व्हील सिलिंडरची किटं आहेत, उलटे आटे मागितले असताना मिळालेले सुलट आट्यांचे स्टड आहेत, आणि कुठल्या गाडीचा ते कुणालाच सांगता येत नाही असा एक टाय रॉड एंड आहे. हे तुम्ही परत घेत नाही. भंगारवाल्याला द्यायला माझा हात होत नाही, कारण सगळं नवंकोरं आहे.

मी मेकॅनिक नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, कोल्हापुरात राहणारा माणूस आहे. घरामागच्या शेडमध्ये एक सीजे-३बी जीप चेसिसपर्यंत उघडून ठेवली आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणणं हा सध्याचा उद्योग आहे. माझ्यासारखे लोक तुमच्या अंदाजापेक्षा बरेच आहेत. कुणी दंतवैद्य आहे, कुणी ऊस बागायतदार, कुणी एस.टी.तून निवृत्त झालेला चालक. कुणी वडिलांची गाडी म्हणून जपतो, कुणी नुसताच हौशी. आम्ही सगळे तुमचे गिऱ्हाईक आहोत आणि आमच्यापैकी बहुतेकांना तुम्ही मनातून थोडे उपद्रवी समजता, हेही आम्हाला ठाऊक आहे. मिस्त्री येतो, बोटानं दाखवतो, घेऊन जातो. आम्ही व्हर्नियर काढतो.

आधी आभार मानतो, कारण ते मनापासून आहेत. सीजे-३बी ही गाडी विलीज कंपनीनं १९५३ साली काढली. एफ-हेड हरिकेन इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेट उंच केलं, आणि त्या उंच कपाळामुळे ही जीप लांबूनही ओळखू येते. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र, जिथं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जोडायला सुरुवात झाली होती, तिथं याच घाटाची गाडी पुढं कित्येक वर्षं निघत राहिली. पोलीस, वनखातं, साखर कारखान्याचे चेअरमन, निवडणुकीचा कर्णा, गगनबावड्याकडचं वडाप, सगळ्यांना तिनं वाहून नेलं. मूळ कंपन्यांनी हे भाग काढणं कधीच सोडून दिलं, तरी आज मला या गाडीचं वॉटर पंप किट मिळतं, क्लच प्लेट मिळते, पाट्यांचे बुश मिळतात. ते तुम्ही बनवता म्हणून. तुम्ही नसता तर या गाड्या केव्हाच कापून वजनावर गेल्या असत्या.

म्हणूनच माझी तक्रार डुप्लिकेट मालाबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो. या गाडीसाठी आता सगळा माल डुप्लिकेटच आहे. विलीजच्या टोलेडोतल्या कारखान्यातून कुणी मला पिनियन पाठवणार नाही, आणि तसं पाठवा असा माझा हट्टही नाही. स्वस्त माल बनवा, मध्यम बनवा, भारी बनवा. तक्रार एवढीच आहे की आत काय आहे ते पाकीट सांगत नाही, आणि सांगतं तेव्हा पुष्कळदा खोटं सांगतं.

‘जीप, ऑल मॉडेल’ हा तुमचा आवडता मजकूर. त्यापासूनच सुरुवात करू.

ऑल मॉडेल असं काही नसतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? सीजे-३बीचा व्हीलबेस ८० इंचांचा. १९८० च्या दशकात आलेल्या एमएम-५४० या जीपचा ९१ इंचांचा. ३बीत पेट्रोल इंजिन, ५४०त प्यूजोच्या घराण्यातलं २११२ सीसीचं डिझेल. ३बीला तीन गिअर, ५४०ला चार. एकाचं इंजिन इंचात मोजायचं, दुसऱ्याचं मिलिमीटरमध्ये. त्यात पुन्हा मधल्या काळात अनेकांनी पेट्रोल काढून डिझेल बसवलं, मागचा ॲक्सल एका गाडीचा आणि पुढचा दुसरीचा घातला. अशा गाडीचा मालक दुकानात येऊन ‘जीपचं द्या’ म्हणतो, तेव्हा चूक त्याचीही असते. पण त्याला ‘कुठल्या जीपचं?’ असं विचारायला लावेल असं पाकिटावर काहीच नसतं.

याचा सगळ्यात महागडा नमुना म्हणजे क्राऊन-पिनियन. जीपच्या ॲक्सलमध्ये मुख्यतः दोन गुणोत्तरं भेटतात. एकात क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८. दुसऱ्यात ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. दोन्ही जोड्या पाकिटातून बाहेर काढून शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळत नाही. मागच्या आणि पुढच्या ॲक्सलमध्ये वेगवेगळी जोडी बसली तरी गाडी साध्या टू-व्हीलमध्ये छान चालते, कारण पुढची चाकं तेव्हा नुसती लोळत असतात. पुढच्या चाकांचा गिअर टाकला की खेळ सुरू होतो. पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टांच्या वेगात सुमारे दहा टक्क्यांची तफावत पडते. चिखलात टायर घसरतात आणि ती तफावत जिरून जाते. डांबरी रस्त्यावर टायर घसरायला तयार नसतात. मग दोन्ही शाफ्ट मध्ये असलेल्या ट्रान्स्फर केसला दोन दिशांना पिळत राहतात आणि शेवटी सगळ्यात कच्चा जो दात असेल तो जातो. म्हशीचं म्हणून गाईचं दूध दिलं तरी चहा होतो. ५.३८ म्हणून ४.८८ दिलं तर ट्रान्स्फर केस फुटते.

मला मागच्या ॲक्सलसाठी जी जोडी मिळाली तिच्या पाकिटावर ‘जीप सी.पी.’ एवढंच होतं. दुकानदार म्हणाले, “जीपचंच आहे ओ काका, बिनघोर बसवा.” घरी येऊन दात मोजले तर ३९. पुढचा ॲक्सल ५.३८चा. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्यांनाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. पाकीट भरणाऱ्याला ठाऊक होतं. त्यानं दोन आकडे छापले असते तर त्याची शाई किती गेली असती?

ज्यांची गाडी अजून उघडलेली नाही त्यांच्यासाठी जाता जाता सांगतो, कारण हे काउंटरवर कुणी सांगत नाही. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गिअर न्यूट्रलला ठेवा. उचललेलं चाक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूची खूण करून बघा. पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त झालं तर ५.३८. पाच भरायला थोडं कमी पडलं तर ४.८८. मग पुढं जाऊन तेच करा. जमिनीवरच्या चाकांना दगड लावायला विसरू नका.

आता ब्रेक. इथं मी जरा रेंगाळणार आहे आणि तुम्ही ते ऐकून घ्यावं अशी विनंती आहे.

या गाडीत चालकाच्या पायाखाली, फरशीच्या तळाशी, एकच मास्टर सिलिंडर असतो आणि त्यातून चारही चाकांना एकच वाट जाते. आजच्या गाड्यांत दोन वाटा वेगळ्या असतात, एक फुटली तर दुसरी अर्धी गाडी तरी थांबवते. इथं तसं काही नाही. चारपैकी एका चाकातला किरकोळ किमतीचा रबरी कप फाटला की तेल निघून जातं, पायाखालचं पेडल फरशीला टेकतं आणि करूळ घाटात तुमच्या हातात फक्त हँडब्रेक उरतो. जुन्या जीपच्या हँडब्रेकची कीर्ती तुम्हाला सांगायला नको.

त्या कपाचं पाकीट बघा. गाडीचं चित्र आहे, पुष्कळदा भलत्याच गाडीचं. लाल अक्षरात ‘सुपर क्वालिटी’ आहे. कप किती इंची सिलिंडरचा, ते नाही. कधी बनवला, ते नाही. कुठल्या रबराचा, ते तर नाहीच. आणि रबराच्या जातीला इथं नुसतं महत्त्व आहे असं नाही, सगळं काही तिच्यावरच आहे. ब्रेक ऑइलच्या नावात ऑइल असलं तरी आपण वापरतो ते डॉट-३ किंवा डॉट-४ ग्लायकॉलवर आधारलेलं असतं, त्यात खनिज तेल नसतं. त्याला ईपीडीएम किंवा एसबीआर जातीचं रबर सोसतं. इंजिनाच्या सीलसाठी चांगलं असलेलं नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. उलट ब्रेकच्या रबराला इंजिन ऑइल किंवा डिझेल लागलं की ते फुगतं. तिन्ही रबरं दिसायला काळीच. फुगलेला कप सिलिंडरमध्ये अडकतो, चाक सुटत नाही, ड्रम तापतो. गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्रीनं ब्रेक नीट बांधला नाही. मिस्त्री म्हणतो, ड्रमला गोलाई नाही. खरा गुन्हेगार आत निवांत फुगून बसलेला असतो.

मी आता प्रत्येक किटमधला एक कप काचेच्या बरणीत ब्रेक ऑइल घालून त्यात बुडवून ठेवतो. चार-पाच दिवसांनी बाहेर काढून त्याचा व्यास पुन्हा मोजतो. घरातल्यांना वाटतं, लोणचं मुरत घातलंय. पण हे काम माझं नव्हे. हे तुम्ही कारखान्यात करून पाकिटावर लिहायचं: ईपीडीएम, अमुक इंच, अमुक महिना.

महिना-वर्षाबद्दल तुम्ही म्हणाल, एवढं कोण बघतं? टायरवाले बघतात. कुठल्याही टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. शेवटी २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर फळीवर पडून राहिलं तरी म्हातारं होतं, म्हणून ही खूण. जे टायरला लागू आहे ते त्याच चाकाच्या आतल्या कपाला आणि ब्रेकच्या नळीला का लागू नसावं? मी एका दुकानातून घेतलेल्या नळीला वाकवल्याबरोबर भेगा दिसल्या. तिच्यावर धूळ होती, तारीख नव्हती.

ब्रेकचं शेवटचं. लायनिंग. त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे खोक्यावर ठळक लिहा. ॲस्बेस्टॉसची सगळी रूपं कर्करोगाला कारण होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही, त्यामुळे तुम्ही बेकायदा काही करता असं मी म्हणत नाही. पण घरच्या शेडमध्ये काम करणारा माणूस ड्रम काढतो, आत साचलेली भुकटी बघतो आणि फुंकर मारतो. त्याच्या शेजारी त्याचं पोर पाना धरून उभं असतं. खोक्यावर एक ओळ असेल तर तो फुंकर मारणार नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाकेल. गॅरेजमधल्या पोरांना तर हवेच्या पाइपनं ड्रम उडवायची सवयच आहे. त्यांच्या मिस्त्रींनीही ती ओळ वाचली तर बरं.

डावीकडच्या स्टडचं थोडक्यात. जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की नट सुटतो. चालत्या चाकानं नट ढिले होऊ नयेत म्हणून ही सोय होती. जुन्या स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर उमटवलेलं असायचं. तुमच्या स्टडवर ते नसतं. पाकिटात कधी दोन्ही मिसळलेले असतात. पुढं कधीतरी रस्त्याकडेचा पंक्चरवाला लांब पाइप लावून जोर करतो आणि स्टड मोडतो, मग आरडाओरडा त्याच्या नावानं होतो. एक अक्षर उमटवा.

तसंच बोल्टचं. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत या गाडीचं माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि इंचात आहे. इंजिनाचा बोअर तीन इंच एक सूत, स्ट्रोक चार इंच तीन सूत, इतकं ते सुतात नीट बसतं. चेसिसच्या अडीच सुताच्या भोकाला तुम्ही आठ एमएमचा बोल्ट पुड्यात बांधून देता. दोन्हींत केसाचा फरक. तो एक-दोन आटे जातो, मग अडतो, मग माणूस जोर करतो आणि साठ वर्षं टिकलेले आटे एका झटक्यात मरतात. चांगल्या इंची बोल्टच्या डोक्यावर ताकदीच्या रेघा असतात, तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. एमएमच्या डोक्यावर ८.८ वगैरे आकडा असतो. बोल्टच्या एवढ्याशा डोक्यावर लिहायला जागा सापडते, मग तुमच्या एवढ्या मोठ्या पाकिटावर का सापडत नाही?

इथं एक खुलासा करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तेवढी कारागिरीच नाही, काय करणार. मी कोल्हापूरचा आहे. शिवाजी उद्यमनगरात चक्कर मारली की एका गल्लीत फाउंड्री, दुसऱ्या गल्लीत लेथ, तिसऱ्या गल्लीत उष्णताप्रक्रिया करणारे. या शहराच्या भट्ट्यांतून ओतलेले भाग देशभरातल्या ट्रॅक्टर आणि मोटारींत जातात. तिथल्या टर्नरला ईएन-८ आणि ईएन-२४ या पोलादांतला फरक शिकवावा लागत नाही. तो ठिणगी बघून सांगतो. म्हणजे कसब आहे, धातू आहे, भट्टी आहे. तरीही जीपच्या नावाखाली येणारा किंगपिन कानशीनं घासला तर कानस त्यात रुतते. वरचा थर कठीण केलेला असता तर ती घसरली असती. मऊ किंगपिनवर पुढची चाकं काही दिवसांत डगमगायला लागतात. पन्नासच्या वेगात एखादा खड्डा आला की स्टिअरिंग हातात थरथरत सुटतं. यावर बाजारात स्टिअरिंग डँपर नावाचा आणखी एक भाग मिळतो, तोही तुम्हीच विकता. धंदा म्हणून चोख आहे.

मऊ किंगपिन बनवू नका असंही मी म्हणत नाही. शेतातल्या बांधापर्यंत जाणाऱ्या गाडीला तो चालेल, दोन वर्षांनी बदलेल. फक्त पाकिटावर पोलाद कोणतं ते लिहा, उष्णताप्रक्रिया झाली की नाही ते लिहा, आणि ज्यांना घाट चढायचाय त्यांच्यासाठी दुसरं, दुप्पट किमतीचं पाकीट ठेवा. आम्ही ते घेऊ. इंजिनाच्या पिस्टनसाठी तुम्ही स्टँडर्ड, वीस, तीस, चाळीस अशी पाकिटं वेगळी ठेवताच ना?

किंगपिनच्या किटमध्ये शिम घाला, हेही सांगायचं राहिलं. किंगपिनच्या बेअरिंगवर किती दाब हवा, हे टोपीखालच्या पातळ पत्र्याच्या शिम बदलून ठरतं. ताणकाटा लावून नकल किती ओढल्यावर फिरतं ते बघायचं आणि शिम कमी-जास्त करायच्या. तुमच्या किटमध्ये एकाच जाडीच्या दोन शिम असतात, त्याही कागदी पॅकिंगच्या. मी उद्यमनगरातून पितळी पत्रा आणून कात्रीनं कापतो. सगळ्यांच्या घराजवळ उद्यमनगर नाही.

ॲक्सल शाफ्टबद्दल एकच वाक्य: मागचा डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे सरकलेला आहे, म्हणून डावा आणि उजवा शाफ्ट लांबीनं वेगळे आहेत, ते पाकिटावर लिहावं.

बॉडीबद्दल मात्र मला थोडं चिडण्याची परवानगी द्या. तयार टप, म्हणजे आख्खी पत्र्याची बॉडी, आता बऱ्याच ठिकाणी मिळते. मंडी डबवालीपासून पार आपल्या पेठांपर्यंत ती बनते, आणि डबवालीकडच्या कारागिरांचा हात खरंच बसलेला आहे. पण फरशीखालच्या टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या, ज्यांच्यावर सगळी बॉडी चेसिसला टेकते, त्या पुष्कळ टपांत साध्या सपाट पट्टीवर निभावलेल्या असतात. चेसिसची भोकं आणि टपाची भोकं जुळत नाहीत. आतल्या बंद कप्प्यांना प्रायमरचा हात लागलेला नसतो. बाहेरून चकाचक रंग, त्याखाली लांबी. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत टप आतून खाल्ला जातो. चकाचक रंग देऊच नका. रेड ऑक्साइड आत-बाहेर मारून द्या, भोकं आम्ही पाडून घेऊ, रंगाचे पैसे किमतीतून वजा करा.

आणि त्या ‘मिलिटरी’ जाळीचं काय करायचं? दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपच्या तोंडावर नऊ उभ्या फटी होत्या. युद्धानंतरच्या नागरी जीपना सात. ३बीला सातच. तुम्ही तिला नऊ फटींची जाळी विकता, बॉनेटवर अमेरिकी सैन्याचा पांढरा तारा चिकटवता, बाजूला फावडं टांगता. सत्तरच्या दशकात मुंबईत बनून आयुष्यभर गुळाच्या ढेपा वाहिलेल्या गाडीनं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्याचा आव आणायचा. गिऱ्हाईकच मागतं, असं तुम्ही म्हणाल आणि ते खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की जाळीच्या खोक्यावर नऊ की सात, कुठल्या गाडीची, ते लिहा. मग ज्याला तारा हवा तो तारा घेईल.

ही सगळी किरकिर नुसत्या शुद्धतेच्या हौसेपोटी आहे असंही समजू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या, उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपली की दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावं लागतं. तपासणीला उभ्या राहणाऱ्या गाडीत मूळ मापाचा भाग असणं ही आमची गरज आहे. तुमच्या दर्शनी काचेमागे मात्र विंच, एलईडीच्या पट्ट्या, पाटे उचलायच्या लांब शॅकल आणि छातीएवढे टायर. मूळ मापाचा टाय रॉड एंड मागितला की तो मागच्या खोलीत, वरच्या फळीवर, शोधून बघावा लागतो. शॅकलच्या पाकिटावर ‘ऑफ-रोड वापरासाठी’ एवढं लिहून जबाबदारी झटकली जाते. रस्त्यावर न जाता ती गाडी डोंगरापर्यंत उडत जाणार आहे काय?

काउंटरवाल्या मंडळींना दोन शब्द वेगळे. माझ्या पुतणीनं मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, लेथवर माझ्यापेक्षा तिचा हात चांगला चालतो. तिला मी एका दुकानात पाठवलं. तिनं मापासकट चिठ्ठी पुढं केली. उत्तर आलं, “ताई, मिस्त्रीला पाठवा.” तिच्या पिशवीत जुनं बेअरिंग होतं, त्यावरचा नंबर वाचता येत होता, तो वाचायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. मिस्त्रीला पाठवा याचा दुसरा अर्थ आम्हाला कळतो. मिस्त्रीचं कमिशन बिलात असतं. त्याला माझा विरोध नाही, त्याचा तो हक्काचा वाटा असेल. पण आम्ही स्वतः आलो तरी दर तोच लागतो आणि वर उपदेशही मिळतो.

दुसरं म्हणजे ती पाटी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. पॅकबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापणं वैध मापनाच्या २०११ च्या नियमांनी सांगितलंय. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. या पत्रातला निम्मा भाग मी नव्यानं मागत नसून तो तुम्ही आधीच देणं लागता, एवढंच दाखवायचंय. उरलेला निम्मा, म्हणजे दात, व्यास, रबराची जात, पोलादाची जात, डावं-उजवं, हे मात्र मी मागतो आहे. 

जुन्या गाड्यांच्या मूळ कंपन्यांची सुट्या भागांची यादीही तुमच्याच हातात आहे. त्या काळच्या पार्ट-बुकांत प्रत्येक वॉशरला नंबर होता. तुमच्यातल्या जुन्या पेढ्यांकडे ही पुस्तकं कपाटात आहेत, तेलकट झालेली, दोऱ्यानं बांधलेली. मी एकाकडे पाहिलीही आहेत. तोच नंबर पाकिटावर छापा. मग नागपूरचा माणूस कोल्हापूरच्या दुकानाला फोनवर नंबर सांगेल आणि कुरिअरनं बरोबर भाग मिळवेल. तुमचा धंदा वाढेल, माझी फळी रिकामी होईल.

हे छापायचा खर्च गिऱ्हाइकावर टाका. आणि लिहायला माणूस नसेल तर ते काम माझ्याकडे द्या. गाडी उघडताना प्रत्येक भागाचं माप मी वहीत टिपलं आहे, सुतात आणि एमएममध्ये, आकृत्यांसकट. ज्या कारखानदाराला हवी असेल त्यानं मागावी, मी झेरॉक्स काढून पाठवीन, फुकट. मजकुराची मुद्रितं मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही तपासून देईन.

तूर्त मागच्या ॲक्सलसाठी ४३ आणि ८ दातांचं क्राऊन-पिनियन तुमच्यापैकी कुणाकडे पडून असेल तर, पाकीट फोडून दात स्वतः मोजून, मला कळवावं. किमतीची घासाघीस करणार नाही.



आपला एक कायमचा गिऱ्हाईक,
कोल्हापूर